परत आत जाणारी सुई

माझं काम काय असं कुणी विचारलं की मी सरळ सांगते, सुया करते. लग्नकार्यात एखादी काकू हमखास विचारते, "भरतकामाच्या का गं?" नाही हो काकू, टोचायच्या. इंजेक्शनच्या. मग काकू पदर सावरून जरा लांबच सरकते. हैदराबादेत आमच्यासारखी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी माणसं एक तर सरकारी कचेरीत, नाहीतर शाळेत, नाहीतर कोर्टात. मुलगी मेकॅनिकल इंजिनिअर झाली हेच कुणाला पचलं नव्हतं. त्यात ती बरकतपुऱ्याहून रोज बसनं चेर्लापल्लीच्या कारखान्यात जाते आणि प्लॅस्टिकच्या नळ्या करते म्हटल्यावर बोलणंच खुंटलं. माझं लग्न का झालं नाही याचं उत्तरही बऱ्याच जणांनी तिथंच शोधलं. शोधोत बापडे.

त्या सुमाराला आम्ही जी सिरिंज करायला घेतली होती, ती परत आत जाणाऱ्या सुईची. साध्या सिरिंजची सुई काम झाल्यावरही बाहेरच राहते. ती नर्सला टोचते, कचरा उचलणाऱ्या बाईला टोचते, आणि कुठल्याशा खेड्यातला बिनडिग्रीचा डॉक्टर तीच पाण्यातून खळबळून पुढच्याच्या दंडात घालतो. आमच्या सिरिंजमध्ये औषध संपलं की दट्ट्या आणखी थोडा जोर लावून दाबायचा. टक्क असा आवाज होतो, आतली कडी तुटते, स्प्रिंग सुटते आणि सुई नळीच्या पोटात ओढली जाते. एकदा आत गेली की गेली, ब्रह्मदेव आला तरी बाहेर निघत नाही. कुणाला टोचायची भीती नको आणि पुन्हा वापरायची सोयही नको. मी स्वतःवर भलतीच खूश होते तेव्हा.

नमुने कुठं वापरून बघायचे असा प्रश्न आला तेव्हा साहेबांनी माझ्याकडं बघितलं, कारण आमच्या घरातच नर्स होती. माझ्या दादाची बायको. वयानं माझ्याहून लहान, पण मोठ्या भावाची बायको म्हणून वहिनी. नांदेडकडची, गोल चेहऱ्याची, हसरी, आणि घरात कुणाला शिंक आली तरी नाडी बघणारी. नारायणगुड्याजवळच्या एका खासगी दवाखान्यात ती कामाला होती. बाळंतपणाची रजा संपवून नुकतीच परत रुजू झाली होती. बाळ सहा महिन्यांचं, मुलगी. सकाळी पाजून जायची, दुपारी कशीबशी रिक्षानं घरी येऊन पाजून परत जायची, आणि संध्याकाळी जिना चढतानाच खालून आवाज द्यायची, "आले गं माझे बाई!" तो आवाज ऐकला की बाळ आजीच्या, म्हणजे माझ्या आईच्या, मांडीवरून असं उसळायचं की आई म्हणायची, "धरा गं हिला, पडेल माशासारखी."

वहिनीनं आपल्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरना विचारून आमचे नमुने तिथं लावून दिले. महिनाभर निरोप येत राहिले, सिरिंज चांगली आहे, काही तक्रार नाही. साहेब खूश. मला मात्र चैन पडेना. नवीन चपलेलासुद्धा लोक नावं ठेवतात, आणि नव्या सिरिंजला एकही नाव नाही? एक दिवस मी स्वतःच वॉर्डात जाऊन कोपऱ्यात उभी राहिले.

पाहिलं आणि डोकं धरलं. एकही नर्स दट्ट्या शेवटपर्यंत दाबत नव्हती. औषध जवळजवळ संपायचं, आणि टोकाला यायच्या केसभर आधी प्रत्येकीचा अंगठा थांबायचा. सगळ्यांचा, अगदी एकाच जागी. टक्क आवाज होतच नव्हता. सुई होती तशी बाहेर, तिच्यावर टोपण, आणि मग डब्यात. आमची सिरिंज महिनाभर साध्या सिरिंजसारखी वापरली जात होती, म्हणून तर कुणाची तक्रार नव्हती!

मी मोठ्या सिस्टरना विचारलं. त्या मूळच्या वरंगलकडच्या, पण बोलायच्या अस्सल हैदराबादी. म्हणाल्या, "अम्मा, आखरी बूंद नक्को डालना. पीछे हवा रहती." घरी आल्यावर वहिनीला धारेवर धरलं तर ती म्हणाली, "ताई, ते तर पहिल्या वर्षालाच शिकवतात. शेवटचा थेंब हवेचा. आमच्या ट्यूटर बाई पट्टी घेऊन उभ्या राहायच्या. कुणी शेवटपर्यंत दाबलं की बोटावर फाट्‌कन बसायची." शिरेतून औषध देताना नळीतली हवा रक्तात जाऊ नये म्हणून ही सवय. दंडात द्यायच्या इंजेक्शनला त्याची तितकी गरज नसते, पण अंगठा काय दंड आणि शीर बघून थांबतो का? एकदा लागलेलं वळण ते लागलेलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सगळं सांगितलं. साहेब तेलुगू, माणूस वाईट नाही, पण नव्या साच्याचं नाव काढलं की ते खर्चाचा आकडा पुढं करायचे. म्हणाले, "मॅडम, ट्रेनिंग देंगे. पोस्टर लगाव." मी म्हटलं, "सर, हाताला वाचता येत नाही." त्यांनी हसण्यावारी नेलं. मग तेलुगू, इंग्रजी, हिंदी अशा तीन भाषांत पोस्टर छापलं: टक्क आवाज येईपर्यंत दाबा. एका गोऱ्यापान नर्सचं हसतं चित्र. वॉर्डात ते चिकटवलं कुणी, तर आमच्या वहिनीनं, स्टुलावर चढून. आणि घरी येऊन मला चिडवलं, "तुमच्या पोस्टरमधली बाई किती गोरी हो ताई! तिच्या शेवटच्या थेंबात हवा नसंल." मी हसले. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, पण साहेबांपुढं आणखी काय करणार होते?

त्यानंतर काही आठवड्यांतच तो फोन आला. मी कारखान्यात होते, दुपारची वेळ. वहिनीचा आवाज इतका शांत होता की मला आधी काही कळलंच नाही.

"ताई, तुम्ही आत्ताच्या आत्ता घरी जाता का? बाळाला वरचं दूध द्या. बाटलीनं द्या, वाटीनं द्या, कसंही द्या, पण मी यायच्या आत तिचं पोट भरू द्या. मी आले की ती मागंल, आणि मला नाही म्हणता येणार नाही."

"का? झालं काय?"

"टोचली," ती म्हणाली. "तुमचीच सिरिंज."

वॉर्डात एक माणूस होता. हाडं वर आलेला, सोबत कुणी नाही, एड्सच्या अगदी शेवटाला पोचलेला. उलट्या थांबवायचं इंजेक्शन त्याच्या दंडात द्यायचं होतं. वहिनीनं दिलं. पोस्टर तिच्या डोळ्यांसमोर भिंतीवर होतं, तिनंच लावलेलं. अंगठा थांबला केसभर आधी. तिनं सुई बाहेर काढली आणि त्याच क्षणी त्या माणसाला उमासा आला, तो कॉटवरून खाली कलंडला. ती त्याला धरायला गेली, दोन्ही हातांनी. पडणाऱ्या माणसाला कुणी एका हातानं धरतं का? उजव्या हातातली सुई डाव्या अंगठ्याच्या खाली, मांसल भागात, चांगली खोल गेली. तरी तिनं आधी त्याला नीट निजवलं. मग नळाखाली जाऊन हात धरला.

मी घरी पोचले तेव्हा आईला एवढंच सांगितलं की वहिनीला उशीर होणार आहे. बाळाला बाटली माहीतच नव्हती. रबराचं बूच तोंडात गेलं की ते जिभेनं ढकलून द्यायची आणि माझ्याकडं असं बघायची, की ही कोण बाई मला फसवायलीय! वाटी-चमच्यानं पाजलं. निम्मं गळ्याखाली, निम्मं झबल्यावर. पोट भरलं एकदाचं. पण संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजली आणि बाळ उसळलं. त्या दिवशी खालून आवाज आला नाही, तरी तिला पावलं ओळखू येत होती. वहिनी दारात उभी राहिली, चप्पल काढली, आणि सरळ मोरीत जाऊन तिनं आतून कडी लावली. बाळ दाराकडं हात करून रडत होतं. आतून नळ सोडल्याचा आवाज येत होता आणि नळाच्या आड वहिनीचा.

लागण टाळायच्या गोळ्या त्याच दुपारी सुरू झाल्या होत्या. महिनाभर घ्यायच्या. आधी रक्त तपासायचं, मग काही आठवड्यांनी, आणि शेवटचं तीन महिन्यांनी. डॉक्टर म्हणाले, वेळेत गोळ्या सुरू केल्यात, बहुतेक काही होणार नाही, पण शेवटचा निकाल येईपर्यंत अंगावरचं दूध बंद. उगाच धोका नको. "बहुतेक" हा शब्द डॉक्टर लोक किती सहज टाकतात! तीन महिने आमच्या घरात तो एकच शब्द फिरत होता.

दादा म्हणाला, "नोकरी सोड." एवढंच. तो सरकारी कचेरीतला माणूस, त्याच्याकडं दुःखालाही एकच वाक्य असतं. वहिनी म्हणाली, "सोडली तर आत गेलेली सुई परत निघणारे का?" तपासणीला मात्र दादानं तिला एकटीला कधी जाऊ दिलं नाही.

आईनं आयुष्यभर मराठी शाळेत शिकवलं. ताटावाटीनं, शेजारी बसल्यानं हा रोग होत नाही, हे तिनं पोरांना फळ्यावर लिहून दिलेलं. पण दोन दिवसांनी मला स्वयंपाकघरात दिसलं की वहिनीचा स्टीलचा पेला बाकीच्या पेल्यांत नाही. खिडकीजवळ वेगळा, पालथा. शेजारी तिची ताटली. माझं डोकं फिरलं. आईला म्हटलं, "लाज वाटते का? लोकांच्या पोरांना शहाणपण शिकवलंस आणि घरात सून वाळीत टाकतेस?" तेवढ्यात वहिनी मागून आली आणि माझा हात धरला.

"ताई, त्यांनी नाही ठेवला. मी ठेवलाय. आई रोज उचलून परत मांडणीत ठेवतात आणि मी रोज काढते."

"अगं पण तुला तर माहितीये, पेल्यानं काही होत नाही!"

"माहितीये," ती म्हणाली. "तरी बाळ त्याच मांडणीला हात लावतं."

आईची माफी मागितली मी. आई म्हणाली, "माझं राहू दे. तिला सांग, जेवायला आमच्यात बस म्हणावं." वहिनी बसली, पण पेला आपलाच घेऊन.

तिला एकच गोष्ट हवी होती. ती तोंडानं सारखी बोलून दाखवायची नाही, पण घरात सगळ्यांना माहीत होती. निकाल चांगला यावा, आणि त्या दिवशी बाळाला परत पदराखाली घ्यावं. त्यासाठी दूध टिकायला हवं होतं, आणि दूध पाजलं नाही तर आटतं. म्हणून तिनं हातानं दाबायचा पंप आणला. ठरल्या वेळेला मोरीत जायची, दूध काढायची आणि ओतून द्यायची. त्या गोळ्यांनी तिला दिवसभर मळमळायचं, भात बघितला की उलटी, तोंडाला सदा कडू. तरी डिंक खायची, मेथी खायची, शतावरी घालून दूध प्यायची. कशासाठी? तर मोरीत ओतायला! आई एकदा न राहवून म्हणाली, "आटू दे गं पोरी. अंगात त्राण नाही तुझ्या. बाळ बाटलीला लागलंय आता." वहिनी म्हणाली, "आटलं तर मग निकाल आल्यावर तिला काय देऊ, आई?" त्यानंतर रोज सकाळी मेथी आई स्वतः भिजवायला लागली.

सगळ्यात वाईट म्हणजे बाळापासून लांब राहणं. जवळ घेतलं की बाळ पदर ओढायचं, तोंड खुपसायचं, आणि मग दोघींचं रडं. म्हणून वहिनीनं पहिले काही आठवडे तिला उचलणंच सोडलं. दुरून खेळवायची. दारात बसून टाळ्या वाजवायची, गाणं म्हणायची. बाळ रांगत यायला लागलं की ती उठून गॅलरीत जायची. हळूहळू बाळानं रांगत जाणं सोडलं. आजीच्या खांद्यावर मान टाकून बाटली धरायला शिकली. दोन्ही हातांनी धरायची, शहाणी.

मध्येच कधीतरी वहिनीला वॉर्डातल्या मैत्रिणीचा फोन आला की तो माणूस गेला. ती पलंगावर बसून ओक्साबोक्शी रडली. आईला कळेना. ज्याच्यामुळं हे सगळं, त्याच्यासाठी ही रडतेय? वहिनी म्हणाली, "त्याचं कुणीच नव्हतं हो आई. पडला असता तर डोकं फुटलं असतं त्याचं."

कारखान्यात माझं काय चाललं होतं तेही सांगते. घटना कळल्यावर साहेबांनी मला बोलावलं, पाणी दिलं, हळहळले. मग म्हणाले, "लेकिन मॅडम, भाभीने एंड तक दबाया नहीं ना?" दवाखानाही हेच म्हणत होता. पोस्टर होतं, सूचना होती, नर्सनं पाळली नाही. वा रे न्याय! चोर सोडून संन्याशाला फाशी. मी असा आवाज चढवला की बाहेर मशीनवरची माणसं काम थांबवून बघायला लागली. म्हटलं, "सर, एका बाईचा अंगठा थांबला असता तर मी तिची चूक मानली असती. अख्ख्या वॉर्डाचा अंगठा एकाच जागी थांबतोय. मग चूक सुईची आहे. आपण माणसाच्या हाताची सिरिंज केली नाही, चित्रातल्या बाईच्या हाताची केली." साहेब शेवटी म्हणाले, "कुछ और बनाके दिखाव."

मग मी अंगठ्याचा भरवसाच सोडला. नर्सनं काहीही करायची गरज पडू नये अशी सुई हवी होती. नळीच्या तोंडाशी सुई झाकणारी एक पातळ बाही बसवली, आत हलकी स्प्रिंग. सुई कातडीत शिरताना बाही मागं सरकते. सुई बाहेर येताना बाही तिच्या मागोमाग पुढं येते, टोकाच्या पुढं जाते आणि अडकून बसते. मग ती मागं ढकलता येत नाही, म्हणजे सुई पुन्हा वापरताही येत नाही. थेंब ठेवा नाहीतर ठेवू नका. सांगायला सोपं, पण स्प्रिंग जड झाली की बाही कातडीला ढकलायची, हलकी झाली की सुईच्या मागं राहायची. कितीतरी नमुने मी रागारागानं कचऱ्यात फेकले.

एक जरा जमलेला नमुना घेऊन घरी आले. गोळ्यांच्या त्रासानं वहिनी तेव्हा रजेवरच होती. आईनं आणलेल्या मोसंब्यांतलं एक तिच्यापुढं ठेवलं, पाण्याची बाटली दिली, रबरी बुचाची, औषधाची असते तशी. म्हटलं, "विचार करू नकोस. वॉर्डात देतेस तसं दे." आई म्हणाली, "घरात सुया कशाला गं परत?" पण वहिनीनं सिरिंज हातात घेतली होती. बाटलीत सुई खुपसून पाणी ओढलं, सुई बाहेर काढली, आणि टिक! बाही पुढं येऊन अडकून बसली. पेशंटला टोचायच्या आधीच सुई बंद. वहिनीनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा खळखळून हसली. "ताई, तुमच्या सुईनं तर पेशंटलाच वाचवलं!" मीही हसले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, तिच्याही.

मग मी असं केलं की औषध भरताना बाहीला अडकवणारी कडी दबलेलीच राहावी, आणि दट्ट्या पुढं जाऊन निम्मं औषध आत गेलं की मगच ती मोकळी व्हावी. परत मोसंबी आणली. वहिनी टोचत गेली, मी बघत गेले. दर वेळी तिचा अंगठा केसभर आधी थांबायचा, सांगूनही थांबायचा. आणि दर वेळी सुई बाहेर आली की बाही तिच्यावर येऊन बसायची. शेवटी मोसंब्याची चाळण झाली. वहिनी म्हणाली, "ही बरोबर आहे." मग बंद सिरिंज हातात धरून तशीच बसली. "हीच आधी असती तर," ती म्हणाली. मी मोसंबी उचलली आणि टाकून दिली.

साहेबांनी तो नमुना दोन-चार दवाखान्यांत दाखवला. सगळीकडं चालला. नवा साचा करायचं ठरलं. ज्या आठवड्यात ते ठरलं त्याच आठवड्यात वहिनीची शेवटची तपासणी होती. कारखान्यात माझं कौतुक चाललं होतं, कुणीतरी समोसे मागवले होते, आणि माझं सगळं लक्ष फोनकडं. दादाचा फोन आला. म्हणाला, "काही नाही. निगेटिव्ह." आणि रडायला लागला. दादाला रडताना मी बाबा गेले तेव्हाही ऐकलं नव्हतं.

मी रिक्षा करून घरी आले. दादा काचीगुड्याहून पेढे घेऊन आला. आईनं देवापुढं दिवा लावला होता. वहिनीचा पेला तिनं खिडकीतून उचलून मांडणीत बाकीच्यांत नेऊन ठेवला, आणि या वेळी वहिनीनं काढला नाही. वहिनी न्हाली. धुतलेली साडी नेसली. पलंगावर भिंतीला टेकून बसली आणि हात पुढं केले. "आणा माझ्या बाईला."

आईनं बाळाला तिच्या मांडीवर दिलं. बाळ हसलं. आता ते चांगलं अकरा महिन्यांचं झालं होतं, दोन दात आले होते. वहिनीच्या कानातलं धरून ओढलं, बांगड्या वाजवून बघितल्या. आम्ही सगळे दारात उभे. वहिनीनं पदर घेतला आणि तिला जवळ लावलं.

बाळानं तोंड फिरवलं. वहिनीनं हळूच परत वळवलं. बाळानं तोंड उघडलं, लावलं, आणि सोडून दिलं. काय आहे ते तिला कळतच नव्हतं. वहिनी गाणं म्हणायला लागली, तेच जुनं. पाठीवरून हात फिरवला, जागा बदलली, दुसऱ्या बाजूला घेतलं. बाळ ताठ झालं, किंचाळलं, आणि आजीकडं हात करून रडायला लागलं. त्या रडण्यानं वहिनीला पान्हा फुटला. तीन महिने मोरीत ओतून ओतून राखलेलं दूध आपसूक वाहायला लागलं. बाळाच्या गालावर उडालं. बाळानं तो गाल आजीच्या दिशेनं मान करून वहिनीच्याच पदराला पुसला.

बराच वेळ तिनं प्रयत्न केला. कुणाला पुढं व्हायचं धाडस होईना. दादाच्या हातात पेढ्यांचा पुडा तसाच. शेवटी वहिनीनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "आई, बाटली भरता का?"

आईनं बाटली आणली. वहिनीनं ती स्वतःच्या हातानं दिली. बाळानं दोन्ही हातांनी धरली, मांडीवर आडवी झाली आणि पंख्याकडं बघत शांत पिऊ लागली. वहिनीची चोळी समोरून भिजत चालली होती. तिनं ती झाकली नाही.

आईला राहवलं नाही. जवळ बसून म्हणाली, "अगं, आज पहिलाच दिवस आहे. लहान आहे ती. दोन-चार दिवस लावून बघ, घेईल परत."

"नको आई," वहिनी म्हणाली. "उद्या डॉक्टरांना आटवायच्या गोळ्या मागते. तिचं पोट भरतंय ना, झालं."